अप्पांसाठी लिहून होईपर्यंत

दुकानदार घरी बसला की त्याचे दोन प्रकार होतात. एक सुटलो बुवा म्हणून पाय पसरतो, आणि दुसरा घरालाच दुकान समजून स्वयंपाकघरातल्या डब्यांची मांडणी बदलायला लागतो. अप्पा दुसऱ्या प्रकारातले. त्यांच्या पायाचं हाड मोडलं, डॉक्टरांनी ते जोडलंही, पण वॉकरशिवाय पाऊल टाकायचं नाही आणि फार वेळ उभं राहायचं नाही, असं बजावून. उभं राहायचं नाही म्हणजे दुकान संपलंच. दुकानात मुलाच्या आधाराने लटकलेला मालक गिऱ्हाइकांनी बघावा, हे अप्पांना मरण वाटत होतं. त्यापेक्षा घर बरं, असं म्हणून ते जे घरात शिरले ते बाहेर पडलेच नाहीत.

थोड्याच दिवसांत सासूबाईंनी सुनेला बाजूला घेतलं. "यांना काहीतरी काम दे गं बाई, नाहीतर मी माहेरी जाते."

सासूबाईंचं माहेर उठून कैक वर्षं झाली होती, पण धमकी म्हणून ते अजून चालत होतं.

सून प्रोग्रामर होती. दिवसा एका ऑफिसात काम करायची आणि उरलेल्या वेळात सासरच्या दुकानाचा कॉम्प्युटर सांभाळायची. दुकान सुट्या भागांचं. मिक्सरचं कपलिंग, पंपाचं ऑइल सील, पंख्याचा कपॅसिटर, कुकरची रिंग, वॉशिंग मशीनचा पाइप, असल्या हजारो बारीकसारीक वस्तू छतापर्यंतच्या खणांत भरलेल्या. कुठला भाग कुठल्या खणात हे पूर्वी अप्पांच्या डोक्यात असायचं. मुलाच्या डोक्यात ते मावेना, म्हणून सुनेने सर्चची सोय करून दिली होती. काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर तिचा छोटासा प्रोग्राम असायचा. नवरा त्यात दोन शब्द टाकायचा, प्रोग्राम ते शब्द घेऊन सर्व्हरला विचारून यायचा, आणि कुठला कप्पा, कुठला खण, किती नग शिल्लक, ते पडद्यावर यायचं.

तर सासूबाईंच्या माहेराची धमकी ऐकून सून त्या संध्याकाळी अप्पांजवळ जाऊन बसली.

"अप्पा, दुकानात कोणी काय मागितलं ते घरबसल्या वाचायला मिळालं तर?"

अप्पांनी हातातला डबा खाली ठेवला. "म्हणजे कसं?"

"प्रोग्राम आपण काय करतोय ते एका फाइलमध्ये लिहीत जातो. त्याला लॉग म्हणतात. किती लिहायचं ते आपण सांगायचं. पायऱ्या असतात. एक म्हणजे, काही बिघडलं तरच लिही. मग, काही खटकलं तरी लिही. मग, काय झालं ते थोडक्यात लिही. आणि अगदी तळाची म्हणजे कोणी काय विचारलं, काय उत्तर आलं, अक्षर न् अक्षर."

"अक्षर न् अक्षर," अप्पा म्हणाले.

"ती आम्ही फक्त काही सापडत नसेल तर तासाभरापुरती लावतो. कायमची कोणी लावत नाही."

"का? शाई संपते?"

शाई संपत नव्हती हे खरं. पण तिच्या ऑफिसात चालत्या प्रोग्रामवर कोणी ही पायरी लावून ठेवली असती, तर तिनेच त्याची सगळ्यांसमोर हजेरी घेतली असती. मात्र इथे समोर एक म्हातारा माणूस होता आणि आजारपणानंतर पहिल्यांदाच त्याने आपली खुर्ची कोणाच्या तरी जवळ ओढली होती. तिने सेटिंगच्या फाइलमध्ये 'एरर' या पहिल्या पायरीच्या जागी 'ट्रेस' ही तळाची पायरी लिहिली. बदलला तो एकच शब्द. लॉग घरच्या कॉम्प्युटरवर दिसेल अशी व्यवस्था केली, अक्षर मोठं केलं आणि अप्पांना माउसचं चाक फिरवायला शिकवलं.

त्यानंतर त्या घरातले डबे आपापल्या जागी राहिले.

लॉग वाचणं म्हणजे काय ते ज्याने वाचलाय त्यालाच ठाऊक. पैसे देऊन सांगितलं तरी कोणी वाचणार नाही असा तो मजकूर. वेळ, विचारलेले शब्द, मग कंस, मग आणखी कंस, त्यात भागाचं नाव, कप्पा, खण, शिल्लक, आणि असं वीस-पंचवीस वेळा. पण अप्पा चहाचा कप घेऊन त्यात असे रमायचे की सासूबाईंनी दुसऱ्यांदा हाक मारल्यावर "थांब गं, चांगला रंगलाय" म्हणायचे. त्यांना कंस दिसतच नव्हते. त्यांना दुकान दिसायचं. सकाळी सकाळी ऑइल सील विचारलं गेलं म्हणजे प्लंबर कामावर जाता जाता थांबलाय. एकाच कपलिंगचा तीन तऱ्हांनी शोध म्हणजे गिऱ्हाईक जुना नमुना न आणता हाताने आकार दाखवतंय. आणि दुपार चढली की मुलाच्या टायपिंगमध्ये चुका व्हायला लागायच्या.

"याला भूक लागली," अप्पा घड्याळाकडे न बघता म्हणायचे. "'बेअरिंग'चं 'बरेइंग' केलंय. फोन कर त्याला, डबा खा म्हणावं."

सासूबाई फोन करायच्या आणि पलीकडून मुलगा चक्रावून विचारायचा, "तुम्हाला कसं कळलं?" हा प्रकार सगळ्या घराला आवडायला लागला होता. सुनेला तर फारच. ऑफिसात तिने लिहिलेलं कोणी इतक्या प्रेमाने कधीच वाचलं नव्हतं.

मग नवीन कंपन्यांचा माल आला, भागांची संख्या फुगली आणि एकेका सर्चला वीसऐवजी दोन-दोनशे उत्तरं यायला लागली. नवरा एक दिवस घरी आला तो बूट काढता काढताच म्हणाला, "तुझा तो सर्च म्हातारा झाला बघ. शब्द टाकला की समाधी लावून बसतो. गिऱ्हाईक माझ्याकडे बघतं, मी पडद्याकडे बघतो."

"इंटरनेट गेलं असेल."

"रोज? दिवसभर?"

सुट्टीच्या दिवशी सून किल्ली घेऊन दुकानात गेली. शटर अर्धं वर, आत कागदी खोक्यांचा आणि ग्रीसचा वास. तिने प्रोग्रामच्या प्रत्येक टप्प्यावर वेळ मोजायची सोय केली आणि 'बेअरिंग' शोधून पाहिलं. सर्व्हर बिचारा डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर देत होता. पण ते उत्तर पडद्यावर येण्याआधी प्रोग्राम ते अप्पांसाठी लिहून काढत होता. दोनशेच्या दोनशे भाग, एकाखाली एक, नीट ओळी पाडून, त्या जुन्या, कुरकुरणाऱ्या डिस्कवर. लिहून पूर्ण झालं की मगच काउंटरवरच्या माणसाला उत्तर मिळत होतं. विचारायला लागत होता क्षण, आणि बाकीचा सगळा वेळ नुसतं लिहायला.

तिने 'ट्रेस'चं 'एरर' करून पाहिलं. सर्चचं उत्तर क्षणात आलं. मग तिने मुकाट्याने पुन्हा 'ट्रेस' केलं आणि शटर ओढून घरी आली.

"लॉगमुळे होतंय," तिने नवऱ्याला सांगितलं. आतल्या खोलीत अप्पा चाक फिरवत बसले होते, म्हणून हळू आवाजात. "बंद केला की प्रश्न मिटला."

नवऱ्याने आतल्या खोलीकडे पाहिलं. तो मुळातच कमी बोलायचा. बापलेकात एकाने बोलायचं असा त्या घरात अलिखित करारच होता, आणि ते काम अप्पांकडे होतं.

"बंद नको," तो म्हणाला. "आणि अप्पांना यातलं काही सांगूही नको. मधलं काहीतरी बघ ना."

मधलं काहीतरी असतंच. प्रोग्रामर लोकांचं निम्मं आयुष्य त्यातच जातं. तिने असं केलं की सर्चने स्वतः लिहीत बसायचं नाही. काय लिहायचं त्याची चिठ्ठी टोपलीत टाकायची आणि लगेच गिऱ्हाइकाकडे वळायचं. टोपलीतल्या चिठ्ठ्या मागे बसलेला दुसरा कोणीतरी सवडीने लिहून काढेल. हे ठीक. पण टोपली भरली तर? तिथे दोनच मार्ग असतात. जागा होईपर्यंत सर्चने थांबायचं, नाहीतर नवी चिठ्ठी सरळ फेकून द्यायची. तिने विचार केला, एवढ्या ढिगातून दोन-चार चिठ्ठ्या गेल्या तर अप्पांना काय कळणार? आणि 'फेकून दे' असं ठरवून टाकलं.

सर्च पळायला लागला. नवऱ्याची तक्रार थांबली. अप्पांचा चहा आणि वाचन पूर्ववत. सून मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून मोकळी झाली.

तिला आठवण राहिली नाही ती उन्हाळ्याची. ऊन तापलं की घरोघरचे पंखे, कूलर आणि पंप ठरवून एकदम मान टाकतात, आणि सुट्या भागांच्या दुकानात दुपारनंतर पाय ठेवायला जागा राहत नाही. नवऱ्याच्या तोंडाला फेस यायची वेळ. सर्चवर सर्च, सर्चवर सर्च. टोपली भरायची ती रिकामी व्हायचं नावच घ्यायची नाही, आणि चिठ्ठ्या चालल्या होत्या केरात. दुकानात गर्दी जितकी जास्त, तितकी लॉगमध्ये सामसूम. सकाळी शांत असताना सगळं नीट लिहिलं जायचं, आणि दुपारी, जेव्हा रांग फुटपाथवर यायची, तेव्हा तुरळक चार ओळी.

हे ना सुनेला माहीत होतं ना तिच्या नवऱ्याला. लॉग वाचणारा माणूस एकच होता, आणि तो गप्प गप्प होत चालला होता.

आधी चहा निवायला लागला. मग जेवताना अप्पा आडून आडून विचारायला लागले. "आज कशी काय होती गर्दी?"

"होती की," दमलेला मुलगा ताटातून मान वर न करता म्हणायचा.

अप्पा "हं" म्हणायचे. त्या "हं"मध्ये काय होतं ते फक्त सासूबाईंनी ओळखलं, आणि त्या सुनेजवळ म्हणाल्या, "यांच्या पोटात काहीतरी आहे. दोन घास खातात आणि उठतात. तू बघ बाई, मला नाही सांगायचे."

बघायची वेळच आली नाही. पुढच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी अप्पांनी दोघांनाही समोर बसवलं. त्यांनी दाढी केली होती आणि बाहेरचा शर्ट घातला होता. घरात बाहेरचा शर्ट म्हणजे प्रकरण गंभीर.

"दुकान बंद करा," ते म्हणाले.

मुलाला वाटलं, आज सुट्टी आहे हे अप्पा विसरले. "बंदच आहे आज."

"कायमचं म्हणतोय मी. मला वाटलं होतं तू सांगशील, तू काही सांगत नाहीस, म्हणून मीच बोलतो. दुपारी काळं कुत्रं फिरकत नाही दुकानात, ते काय मला दिसत नाही? ऐन उन्हाळ्यात ही तऱ्हा. मला वाईट वाटेल म्हणून तू रोज शटर उघडून उभा राहतोस आणि घरी येऊन गर्दी होती म्हणतोस. माझ्यासाठी नका चालवू रे. तुझं अजून वय आहे, दुसरं काही बघ."

एवढं बोलून त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. आवाज अगदी सरळ होता, पण हात वॉकरवर घट्ट आवळलेले होते.

"अप्पा, काल मला पाणी प्यायला सवड मिळाली नाही!" मुलगा म्हणाला.

"लहानपणी शाळा बुडवून आलास की असंच म्हणायचास. अभ्यास इतका, की पाणी प्यायला सवड नाही."

सुनेच्या मात्र डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तिने धावत जाऊन लॉग उघडला, दुपारच्या वेळा पाहिल्या, आणि कपाळावर हात मारून घेतला. मग तिने अप्पांना सगळं सांगितलं. टोपली, चिठ्ठ्या, सगळं. फक्त टोपली का आणावी लागली ते तेवढं नवऱ्याच्या डोळ्यांकडे बघून गिळलं.

अप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे गर्दी जास्त, म्हणून नोंदी कमी?"

"हो!"

"हे कुठलं गणित गं?"

"अप्पा, खरंच तसं होतं."

"तू गुणी आहेस, सूनबाई," अप्पा म्हणाले आणि हसले. आजारी माणूस समजूत घालायला आलेल्या पाहुण्यांकडे बघून हसतो, तसं. एखादी शिवी तिला परवडली असती.

त्याच दुपारी तिने दुकानात जाऊन सेटिंग बदललं. फेकायचं नाही, टोपली भरली तर सर्चने थांबायचं, जागा होईपर्यंत. नवऱ्याला म्हणाली, "उद्यापासून पुन्हा रखडेल. गर्दीत तर फारच."

"रखडू दे," नवरा म्हणाला. "एक अक्षर गळता कामा नये."

दुसऱ्या दिवसाचा लॉग दुथडी भरून आला. दुपार तर अशी की चाक फिरवून बोट दुखावं. तिसऱ्या दिवशी दुपारी अप्पा तो वाचायला बसले, तेव्हा सून ऑफिसातून सुट्टी घेऊन त्यांच्या मागेच उभी राहिली होती. अप्पांनी थोडं वाचलं, मग चाक सोडलं आणि चष्मा काढून पुसला.

"परवा मी बोललो, आणि काल लगेच गर्दी झाली. छान."

"म्हणजे?"

"लिहिणारी तू, दाखवणारी तू. मी म्हातारा आहे, अगदीच खुळा नाही. माझ्यासाठी एवढं कशाला करत बसतेस?"

आता मात्र सुनेला राग आला. खराखुरा, कानशिलं तापवणारा राग. चुकलं होतं ते ती मान्य करत होती, पण खोटं लिहिलं म्हणणं? तिने अप्पांचा बाहेरचा शर्ट खुंटीवरून काढून त्यांच्या मांडीवर ठेवला.

"उठा. आत्ताच्या आत्ता दुकानात चला. डोळ्यांनी बघा आणि मग मला काय म्हणायचं ते म्हणा."

"मी तिथे असा येणार नाही."

"असा म्हणजे कसा? वॉकर घेऊन ना? काळं कुत्रं फिरकत नाही ना तिथे? मग बघणार कोण तुम्हाला?"

सासूबाई दारातून म्हणाल्या, "जा हो. हिच्या तोंडी लागू नका, तुमचं नाही चालायचं." आणि आयुष्यात क्वचितच असं झालं असेल, पण अप्पा गुपचूप शर्टाची बटणं लावायला लागले.

टॅक्सी दुकानाच्या अलीकडेच थांबवावी लागली. फुटपाथवर माणसं उभी होती. सुनेने अप्पांना उतरवलं, वॉकर उघडून हातात दिला, आणि ते दोघं हळूहळू त्या माणसांच्या शेवटाशी येऊन पोचले. अप्पांनी रांगेवरून एकदा नजर फिरवली, दारातून आत डोकावून पाहिलं, आत भिंतीला टेकून उभी असलेली माणसं पाहिली, आणि पुन्हा सुरुवातीपासून नजर फिरवली. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर असं काही ऊन पडलं होतं की तिचा सगळा राग वितळून गेला.

"चला, बाजूने आत जाऊ. मी सांगते सगळ्यांना."

"अजिबात नाही," अप्पा म्हणाले. "मालक म्हणून पुढे घुसायचं? रांगेत उभे राहू."

"उभं राहायचं नाही सांगितलंय तुम्हाला."

"डॉक्टरांनी ही रांग पाहिली नव्हती."

ते रांगेतच राहिले. पुढच्या बाईच्या हातात वॉशिंग मशीनचा फाटका पाइप होता. अप्पांनी तो बघता बघता कुठल्या मशीनचा ते ओळखलं आणि सांगूनही टाकलं. बाई खूश झाली. ओळख नसताना माणसं रांगेत बोलतात तसं बोलायला लागली.

"इथे माल मिळतो हो हमखास. वेळ फार घेतात पण. मधे बरं चाललं होतं, कालपासून पुन्हा तीच रड. तो मुलगा टाइप करतो आणि मग नुसता पुतळ्यासारखा उभा राहतो. मागच्या खेपेला मी कंटाळून निघून गेले होते."

"निघून गेलात?" अप्पांनी विचारलं.

"मी एकटी नाही. बघा, आत्ताही जातील दोघं-तिघं."

खरंच, समोरून एकजण हात झटकत रांगेतून बाहेर पडला. अप्पा त्याच्या पाठीकडे बघत राहिले. सुनेने दुसरीकडे पाहिलं.

रांग सरकत सरकत ते दाराच्या आत आले. आता काउंटर दिसत होता. नवरा मान खाली घालून टाइप करत होता, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. त्याने एंटर दाबलं आणि हात खाली सोडून तो थांबला. पडद्यावर गोल चक्र फिरत राहिलं. समोर एक आडदांड प्लंबर होता, त्याने काउंटरवर बोटं वाजवायला सुरुवात केली.

"अहो, ते मशीन बदला ना एकदाचं! माझं काम तिकडे पाण्यात उभं आहे."

"मशीन चांगलं आहे," नवरा म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखाच, थंड. "घरी आमचे वडील असतात. त्यांना बाहेर पडता येत नाही. इथे काय काय चाललंय ते त्यांना वाचायला मिळावं म्हणून ते आधी त्यांच्यासाठी लिहून घेतं, मग आपल्याला दाखवतं. त्यांच्यासाठी लिहून होईपर्यंत थांबायचं, एवढंच."

"मग त्यांना सांगा की जरा कमी वाचा!"

दोन-चार माणसं हसली.

"ते नाही सांगणार मी," नवरा म्हणाला. "दुसरीकडे बघायचं असेल तर खुशाल बघा. राग नाही."

चक्र थांबलं, उत्तर आलं. तो खणाकडे वळला, ऑइल सील काढून प्लंबरच्या हातात ठेवलं आणि पुढच्याला हात केला. एकदाही मान वर केली नाही.

सुनेने अप्पांकडे पाहिलं नाही, कारण तिला बघवेना. तिने फक्त त्यांच्या कोपराखाली हात धरला होता, आणि तो कोपर आता तिला जड लागत होता. नवऱ्याचा इतका अभिमान तिला लग्नानंतर कधी वाटला नव्हता. कमी बोलतो म्हणून किती वेळा त्याच्यावर चिडली होती ती. आणि त्याच वेळी तिला वाटत होतं की हे या म्हाताऱ्या माणसाने ऐकायला नको होतं, निदान आज नको, निदान असं परक्या माणसांच्या हसण्यात नको. तिने त्यांना आणलं नसतं तर ऐकलंही नसतं.

"घरी जाऊया का?" तिने हळूच विचारलं.

अप्पांनी मान हलवली. "नंबर आलाच आपला."

पाइपवाल्या बाईला थांबावं लागलं, तेव्हा अप्पाही थांबले. चक्र फिरत असताना पूर्ण वेळ ते पडद्याकडे बघत होते. मागे कोणीतरी उसासा टाकला. कोणीतरी घड्याळ पाहिलं. मग बाई पाइप घेऊन वळली, अप्पांना बघून हसली, आणि अप्पांनी वॉकर उचलून पुढे ठेवला. दुकानात त्यांनी जन्म काढला होता, पण काउंटरच्या या बाजूला ते कधी उभे राहिले नव्हते.

"बोला, काय हवंय?" मुलाने विचारलं. मान खालीच, बोटं कीबोर्डवर.

"ते लिहिणं बंद करून हवंय," अप्पा म्हणाले.

बोटं थांबली. मुलाने सावकाश वर पाहिलं. आधी बापाकडे, मग बायकोकडे, मग रांगेकडे, आणि त्याला कळलं की अप्पा किती वेळ इथे होते आणि त्यांनी काय काय ऐकलं. कपाळावरचा घाम पुसायला त्याने हात नेला आणि डोळ्यांवरून फिरवला.

"अप्पा, आत या आधी. बसा. तुम्ही कशाला ते..."

"बंद कर म्हणतोय ना."

"आणि मग तुम्ही दिवसभर काय करणार?"

"ते माझं मी बघेन," अप्पा म्हणाले. "तू आधी हे कर. माझ्यामागे माणसं उभी आहेत."

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. तिने मान डोलावली, काउंटरच्या पट्टीखालून वाकून आत गेली आणि सेटिंगची फाइल उघडली. 'ट्रेस' खोडताना तिला पडदा नीट दिसत नव्हता. तिने 'एरर' लिहिलं, अक्षरं दोनदा तपासली, आणि प्रोग्राम पुन्हा सुरू केला.

अप्पांच्या मागे पंख्याचा कपॅसिटर हातात घेतलेला एक माणूस होता. अप्पांनी त्याला आपल्या खांद्यावरून हात पुढे करायला लावला. मुलाने कपॅसिटरवरचा आकडा वाचून टाइप केला आणि सवयीने हात खाली सोडले, तोवर उत्तर पडद्यावर आलेलं होतं.

अप्पांनी ते वाचलं. कप्पा, खण, शिल्लक. मग वॉकर उचलून ते बाजूला झाले.